न जुळणारा आकडा

अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या काठी हार्टफर्ड हे शहर आहे. आज ते विमा कंपन्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. पण नदीच्या बाजूला सोनेरी ताऱ्यांचा एक निळा घुमट दिसतो आणि शहराची जुनी ओळख सांगतो. तो सॅम्युअल कोल्टच्या शस्त्रकारखान्याचा घुमट. १८५५ साली उभा राहिलेला हा कारखाना ५ फेब्रुवारी १८६४ रोजी आगीत जळाला आणि पुढे घुमटासकट पुन्हा बांधला गेला.

या शहरातल्या एका विमा कंपनीत एक तरुण कारकून होता. त्याला जुनी खिशातली रिव्हॉल्व्हरं जमवण्याचा नाद होता. तीसुद्धा टोपीवाली, म्हणजे काडतुसांच्या आधीच्या काळातली. ही भरायची रीत निराळी. सिलिंडरच्या प्रत्येक घरात समोरून दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने ती दाबून बसवायची आणि मागच्या निपलवर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतली ठिणगी दारूपर्यंत पोचते आणि बार उडतो. १८९८ पर्यंत बनलेली अशी शस्त्रं तिथल्या कायद्याने पुराणवस्तू मानली जातात. संग्राहक ती काचेच्या कपाटात ठेवतात, पुसतात, त्यांचा इतिहास शोधतात.

तरुणाचा जीव जडला होता कोल्टच्या १८४९ च्या पॉकेट नमुन्यावर. पाच बारांचं, पॉइंट एकतीस कॅलिबरचं, कोटाच्या खिशात मावणारं हे रिव्हॉल्व्हर १८५० ते १८७३ या काळात तीन लाखांहून अधिक संख्येने बनलं. कॅलिफोर्नियात सोनं शोधायला निघालेल्यांनी ते घेतलं, दुकानदारांनी घेतलं, प्रवाशांनी घेतलं, आणि यादवी युद्ध पेटलं तेव्हा कितीतरी शिपायांनी पदरमोड करून घेतलं. त्याच्या सिलिंडरभोवती एक चित्र आहे. दरोडेखोरांनी घोडागाडी अडवली आहे आणि गाडीतला माणूस त्यांच्यावर रिव्हॉल्व्हर रोखून उभा आहे. हे चित्र कोरलं न्यूयॉर्कच्या वॉटरमन ऑर्म्सबी याने. नोटांचे ठसे कोरणं हा त्याचा धंदा आणि खोट्या नोटांविरुद्ध लढणं हा त्याचा ध्यास. त्याने १८५२ साली त्या विषयावर एक ग्रंथही लिहिला.

संग्राहकांमध्ये एका गोष्टीला फार मान असतो, ती म्हणजे आकडे जुळणं. कारखान्यात सुटे भाग यंत्रावर बनत, पण शेवटी कारागीर कानस चालवून ते एकमेकांशी बसवून घेत. मग भाग पुन्हा सुटे करून पोलाद कडक करायला आणि निळी झळाळी चढवायला जात. परत आल्यावर कुठला भाग कुणाचा हे कळावं म्हणून सांगाड्यावर, नळीवर, चापाच्या कड्यावर, मुठीच्या पट्टीवर, सिलिंडरवर, अगदी नळी धरून ठेवणाऱ्या छोट्या पाचरीवरही तोच आकडा ठोकत. सगळे आकडे सारखे निघाले की किंमत चढते. एखादा वेगळा निघाला की ती उतरते.

एकदा गावाबाहेरच्या एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिथे खोक्याच्या तळाशी तरुणाला असं एक रिव्हॉल्व्हर मिळालं. गंजाने तांबूस झालेलं, आतली स्प्रिंग तुटलेली, मुठीच्या पितळी पट्टीवरचा चांदीचा मुलामा हातांनी घासून जवळजवळ उडालेला. घरी आणून त्याने भिंगाखाली आकडे पाहिले. आधीचे अंक सगळीकडे सारखेच होते. सांगाड्यावर शेवटचे तीन अंक ४१६. नळीवर ४१६. पट्टीवर, कड्यावर, पाचरीवर ४१६. सिलिंडरवर मात्र ५८३.

तो हिरमुसला. एका सिलिंडरपायी सगळं गेलं, असं त्याला वाटलं.

हार्टफर्डमध्ये अशा शस्त्रांची दुरुस्ती करणारा एक म्हातारा कारागीर होता. तरुण त्याच्याकडे गेला. म्हाताऱ्याने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि कितीतरी वेळ नुसतं पाहिलं.

"स्प्रिंग नवी करून देतो," तो म्हणाला. "गंज तेलात भिजवून हळूहळू काढू. निपल अडकलेत, ते न दुखावता सुटतील. शेवटी मेणाचा हात देऊ. पुढची शंभर वर्षं टिकेल."

"आणि झळाळी?"

"जी आहे ती राहील. सिलिंडरवर बघ, घोडागाडीची चाकं अजून दिसतायत. पॉलिशच्या चाकावर धरलं तर ती जातील. कडा गोल होतील, स्क्रूंची भोकं पसरट होतील, अक्षरं ओढल्यासारखी दिसतील. गेलेलं लोखंड परत येत नाही."

"पण तुमच्या कपाटात तर अगदी नव्यासारखी पिस्तुलं आहेत," तरुण म्हणाला. "तीही तुम्हीच केलीत ना?"

"केली. फार खराब झालेली होती, काहीच उरलं नव्हतं. तिथे पुरं नवं काम करावं लागतं आणि मी ते आनंदाने करतो." म्हाताऱ्याने कपाटातलं एक रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची लाकडी मूठ उतरवली आणि आतली बाजू दाखवली. सांगाड्यावर बारीक ठसा होता, त्याच्या नावाचं आद्याक्षर आणि साल. "जिथे माझा हात लागला तिथे माझी खूण आहे. बाहेरून शोभा बिघडत नाही आणि उघडून बघणाऱ्याची फसगत होत नाही."

तरुणाने घसा साफ केला. "सिलिंडरवरचा आकडा बदलून ४१६ करता येईल का?"

"येईल. पण मी करणार नाही."

"का? दुसऱ्या कुठल्या तरी पिस्तुलाचा तो भाग आहे. मी तर चूक दुरुस्तच करतोय."

"ती चूक आहे हे तुला कुणी सांगितलं?" म्हातारा म्हणाला. "हे सिलिंडर इथे कसं आलं ते आपल्याला ठाऊक नाही. मोडलेलं मी जोडीन, गंजलेलं वाचवीन. पण जे मला ठाऊक नाही त्यावर खोटी साक्ष देणार नाही."

तरुणाला ते पटलं नाही. हा म्हातारा हट्टी आहे, असं मनाशी म्हणत त्याने रिव्हॉल्व्हर दुसऱ्या शहरातल्या एका कारागिराकडे नेलं. तिथे कुणी प्रश्न विचारले नाहीत. काही महिन्यांनी ते परत आलं तेव्हा तरुणाचे डोळे दिपले. नळी गडद निळी झाली होती. हाडांच्या आणि कातड्याच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवलेल्या सांगाड्यावर निळ्या, करड्या, तपकिरी रंगांचे ढग उमटले होते. पितळेवर नवी चांदी होती, अक्रोडाच्या मुठीवर नवं व्हार्निश होतं. घोडागाडीचं चित्र पुन्हा कोरलं होतं. जुना आकडा वितळलेल्या धातूने बुजवून, घासून सपाट केला होता आणि त्यावर जुन्या वळणाचे अंक ठोकले होते. ४१६. कुठेही दुसऱ्या कारागिराची खूण नव्हती. ते जणू कालच कारखान्यातून आलं होतं.

त्या वर्षी संग्राहकांच्या प्रदर्शनात तरुणाचं टेबल गर्दीने भरून गेलं. बाहेरगावाहून आलेल्या एका श्रीमंत संग्राहकाने रिव्हॉल्व्हर पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मोठी किंमत सांगितली. "आकडे सगळे जुळतात?" त्याने विचारलं. तरुण म्हणाला, "स्वतःच पाहा." त्याला वाटलं, आपण खोटं बोललो नाही.

सौदा ठरत आला असताना शेजारच्या टेबलापाशी आवाज चढला. तिथे एक वयस्क बाई आपल्या घरातलं जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन आल्या होत्या. तोच नमुना, १८४९ चा पॉकेट. त्यांना ते विकायचं नव्हतं. त्याचं खरंखोटं जाणकारांकडून एकदा कळून घ्यायचं होतं. जाणकारांनी ते उघडलं. सांगाड्यावर, नळीवर, पट्टीवर ५८३ होतं आणि सिलिंडरवर ४१६.

बाईंनी पिशवीतून कागदात जपून ठेवलेलं एक पत्र काढलं. त्यांच्या पणजोबांच्या थोरल्या भावाने लिहिलेलं, सप्टेंबर १८६२ मधलं. दोघा भावांनी एकाच दुकानातून एकसारखी रिव्हॉल्व्हरं घेतली होती. थोरला कनेक्टिकटच्या सोळाव्या पलटणीत भरती झाला आणि धाकटा शेती सांभाळायला मागे राहिला. निघायच्या आदल्या रात्री दोघांनी मिळून दोन्ही पिस्तुलं सुटी करून साफ केली होती. पत्रात थोरल्याने लिहिलं होतं, की आज सफाई करताना पाहिलं, माझ्या सिलिंडरवर तुझा आकडा आहे, ५८३. माझं तुझ्याकडे राहिलं असणार. असू दे, चालतं आहे. परतलो की बदलून घेऊ.

ही सोळावी पलटण ऑगस्टच्या अखेरीस हार्टफर्डहून निघाली होती. शिपायांना धड कवायतही शिकवून झाली नव्हती. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमच्या लढाईत त्यांना मक्याच्या शेतात उतरवलं गेलं. थोरला भाऊ तिथून परतला नाही. त्याचं पिस्तूलही घरी आलं नाही. धाकट्याने आपलं तसंच ठेवलं, आणि सिलिंडर कधी बदललं नाही.

"आमच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत," बाई म्हणाल्या. "खरं आहे की नाही, एवढंच मला समजून घ्यायचं होतं."

जाणकारांपैकी एकजण पत्र वाचून थांबला. मग म्हणाला, "हे ४१६ नंबरचं पिस्तूल आत्ताच कुठे तरी पाहिलं." तो तरुणाच्या टेबलाशी आला. दोन्ही रिव्हॉल्व्हरं शेजारी शेजारी ठेवली गेली. एकाच आकड्याची दोन सिलिंडरं समोर होती.

"कारखान्याने एक आकडा एकाच नमुन्याच्या दोन पिस्तुलांना दिलेला नाही," जाणकार म्हणाला. "तेव्हा यातलं एक खोटं आहे. या गृहस्थांचं पिस्तूल संपूर्ण जुळतं. बाई, तुमचं जुळत नाही. शिवाय पत्र म्हणतं की थोरल्याच्या सांगाड्यात ५८३ चं सिलिंडर असायला हवं, आणि इथे तर ४१६ च आहे. म्हणजे पत्रही जुळत नाही. तुमच्या सिलिंडरवर कुणीतरी नंतर आकडा ठोकला असावा. अशा गोष्टी घराण्यात रचल्या जातात, त्याला तुमचा इलाज नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पत्राची घडी घालायला घेतली.

श्रीमंत संग्राहक तरुणाला म्हणाला, "चला, आता तर शंकाच उरली नाही. तुमचंच खरं."

तरुणाच्या कानात ते शब्द घुमले. आपण आकडा बदलला तेव्हा एका लोखंडाच्या तुकड्यापुरतं ते काम आहे, असं त्याने धरलं होतं. कुणाचं काय बिघडणार होतं? आणि आता त्याच खोट्या आकड्याने समोरचा खरा आकडा खोटा ठरला होता. एक खरं पत्र खोटं ठरलं होतं. न परतलेल्या माणसाचा शब्द खोटा ठरला होता. गप्प राहिलं तर पैसे मिळणार होते, आणि तो गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"थांबा," तो म्हणाला. "बाईंचं खरं आहे. माझ्या सिलिंडरवर ५८३ होतं. मी ते पुसून घेतलं."

श्रीमंत संग्राहकाने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि एकही शब्द न बोलता तो निघून गेला. जाणकाराने भिंग पुन्हा काढलं. आता कुठे पाहायचं ते ठाऊक असल्यामुळे बुजवलेल्या धातूचा किंचित वेगळा रंग त्याला दिसला. त्याने बाईंची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी तरुण म्हाताऱ्या कारागिराकडे गेला. "आम्लाने पुसलेले आकडे पुन्हा उमटवता येतात असं ऐकलंय," तो म्हणाला. "माझं ५८३ परत आणा."

म्हाताऱ्याने सिलिंडर तपासलं. "ठशाच्या घावाने खालचा धातू दाबला जातो, म्हणून नुसतं घासलेलं असलं तर कधीकधी सावली उमटते. पण इथे जागा वितळवून भरली आहे. तो दाबलेला धातूच उरला नाही. आता काहीही केलं तरी ते दुसरं सोंग होईल."

"मग मी काय करू?"

म्हाताऱ्याने कोट चढवला. "चल माझ्याबरोबर."

तो त्याला राज्याच्या विधानभवनात घेऊन गेला. तिथे यादवी युद्धातल्या पलटणींची निशाणं जपून ठेवलेली आहेत. सोळाव्या पलटणीच्या निशाणाची गोष्ट म्हाताऱ्याने सांगितली. एप्रिल १८६४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या प्लिमथ इथे ही पलटण वेढली गेली. शरण जाण्यावाचून मार्ग उरला नाही तेव्हा शिपायांनी आपली निशाणं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून फाडली आणि तुकडे आपसात वाटून कपड्यांत लपवले. त्यांतल्या बहुतेकांना जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत नेलं. उपासमारीने आणि रोगाने तिथे माणसं मेली, पण तुकडे जपले गेले. युद्ध संपल्यावर वाचलेल्यांनी ते गोळा केले आणि १८७९ साली पांढऱ्या रेशमाचं एक नवं निशाण करवून घेतलं. जुन्या तुकड्यांची त्याच्या मध्यभागी ढाल केली.

"त्यांना हवं असतं तर हुबेहूब जुन्यासारखं निशाण शिवता आलं असतं," म्हातारा म्हणाला. "त्यांनी तसं केलं नाही. रेशीम नवं आहे ते नवं दिसतं. तुकडे जुने आहेत ते जुने दिसतात. कुठे काय गेलं आणि कुणी काय जोडलं, हे कुणालाही वाचता येतं. म्हणून त्या निशाणावर विश्वास बसतो."

तरुणाने विचारलं, "माझ्या पिस्तुलाचं असं होईल?"

"होईल. ऑर्म्सबीने चित्र कोरलं आणि कारखान्याने आकडा ठोकला. तू जे केलंस त्याच्यावर आता तुझी सही असू दे."

तरुणाने तसंच केलं. म्हाताऱ्याने सिलिंडरच्या मागच्या बाजूला, निपलांच्या मधल्या जागेत, आकडा बदलल्याचं साल आणि बदलाची खूण बारीक ठशाने उमटवली. तरुणाने एक कागद लिहिला. नळी, सांगाडा आणि पट्टी मूळची, झळाळी नवी, चांदी नवी, चित्र पुन्हा कोरलेलं, सिलिंडरवरचा मूळ आकडा ५८३, तो माझ्या सांगण्यावरून पुसला गेला. खाली त्याने सही केली.

मग तो त्या बाईंकडे गेला आणि जुन्या घरातून घेतलं त्याच किमतीला रिव्हॉल्व्हर त्यांना देऊ केलं. नव्या झळाळीचा खर्च त्याने धरला नाही.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "पुरावा गेला म्हणून तुम्ही खंत करताय," त्या म्हणाल्या. "पण निम्मा तर माझ्याकडे आहे. माझ्या सिलिंडरवरचा ४१६ तुमच्या सांगाड्याशी जुळतो. उरलेला निम्मा तुमच्या या कागदात आहे. तुम्ही तो लिहिला नसता, तर माझ्याकडचाही गेला असता."

दोन्ही रिव्हॉल्व्हरं आता एकाच पेटीत आहेत, मधे पत्र आणि खाली तो कागद. पाहणारे आधी चकचकीत पिस्तुलाकडे वळतात. पण कागद वाचून झाला की ते दुसरं, झिजलेलं पिस्तूल हातात मागतात.

तरुण पुढेही जुनी टोपीवाली रिव्हॉल्व्हरं जमवत राहिला आणि दुरुस्तही करून घेत राहिला. मोडलेल्या स्प्रिंगा बदलल्या, गंज काढला, गरज पडली तिथे नवा मुलामाही चढवला. फक्त प्रत्येक पेटीत काय जुनं, काय नवं आणि नवं कुणी केलं, याचा कागद असे. त्याच्याकडचं पिस्तूल विकत घेणारे भिंग न काढता घेऊ लागले.

जुनी वस्तू वाचवणं हे पुण्याचं काम आहे, आणि त्यासाठी नवा हात लावावाच लागतो. तो हात लपवला की दुरुस्तीचं खोटं होतं. असं खोटं ज्या वस्तूत सांगितलं तिथेच थांबत नाही. त्याच्या शेजारी जे खरं उभं असतं त्याचीही साक्ष ते बुडवतं. म्हणून दुरुस्ती मनापासून करावी, आणि आपण केलेली गोष्ट आपल्याच नावावर लिहावी.